‘डोक्यात पाणी’ आणि ‘हृदयात ठिपका’: एकविसाव्या आठवड्यात घाई कशाची करायची आणि कशाची नाही

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातलं जोडपं, पहिलंच बाळंतपण, पत्नीचं वय २६, दिवस २१ आठवडे २ दिवस. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत लिहून आलं की डाव्या लॅटरल व्हेंट्रिकलची (मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची) रुंदी १०.८ मिलिमीटर आहे आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यात ‘एकोजेनिक फोकस’ (चमकणारा ठिपका) आहे. खाली दोन सूचना: फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) करा, तज्ज्ञांकडून मेंदूची सविस्तर सोनोग्राफी करा. घरी पोहोचेपर्यंत त्याचं झालं ‘डोक्यात पाणी भरलंय आणि हृदयात डाग आहे’. आता घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, खाली करून टाका, अजून वय आहे. दुसरा म्हणतो, हे सगळं पैसे काढायचं काम, काही करू नका. पतीने विचारलंय: बाळ नॉर्मल होईल का, एमआरआय करावा का, हातात दिवस किती, आणि बागेतल्या फवारणीमुळे तर हे झालं नाही ना?

मी नाशकात बावीस वर्षं गर्भातल्या बाळांच्याच सोनोग्राफी करते. दिवसाआड एक तरी जोडपं असाच कागद घेऊन समोर बसतं. म्हणून आधी हे सांगते की तुमचा खरा प्रश्न ‘१०.८ म्हणजे किती वाईट’ हा नाही. या रुंदीसोबत आणखी काही आहे, की ती एकटीच आहे, हा आहे. एकटी असेल तर गोष्ट एक, जोडीला काही निघालं तर गोष्ट पूर्ण वेगळी. पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका उत्तरासाठी आहेत.

आधी ठिपक्याचा निकाल लावू, कारण तो लवकर लागतो. हृदयाच्या झडपा ज्या छोट्या स्नायूंना दोऱ्यांनी बांधलेल्या असतात, त्या स्नायूत कधीकधी कॅल्शियमचा बारीक कण जमतो. सोनोग्राफीत तो हाडासारखा पांढरा चमकतो आणि झडपेबरोबर वरखाली नाचतो. हे छिद्र नाही, गाठ नाही, हृदयविकार नाही. दर शंभर निरोगी बाळांमध्ये तीन ते पाच जणांत तो दिसतो, आशियाई वंशाच्या लोकांत त्याहून जास्त. त्याला औषध नाही, कारण त्याला काही करायचंच नसतं. रिपोर्टमध्ये त्याची नोंद होते ती डाउन सिंड्रोमची एक बारीकशी खूण म्हणून. तो एकटाच असेल तर तेवढ्यानेही धोका वाढत नाही. तुमच्याकडे तो एकटा नाही, मेंदूच्या रुंदीसोबत आलाय, एवढ्यापुरतीच मी त्याची दखल घेईन.

आता मेंदू. मेंदूच्या आत पाण्याचे कप्पे प्रत्येकाला असतात, तुम्हाला आणि मलाही. कप्प्यांतल्या जाळीदार पेशींमधून ते पाणी सतत तयार होतं, अरुंद वाटांनी खाली उतरतं आणि मेंदूच्या बाहेरच्या बाजूला जाऊन शोषलं जातं. तुम्ही बागायतदार आहात, पाटाचं उदाहरण चालेल. पाट फुगतो तो दोन कारणांनी: पुढे कुठे तुंबला म्हणून, किंवा काठ खचले आणि पाणी पसरलं म्हणून. मेंदूतही तसंच. एक तर वाट अडलेली असते, नाहीतर भोवतालचा मेंदू कमी भरलाय म्हणून कप्पा रुंद दिसतो. तिसरी शक्यता घरात कोणी बोलत नाही आणि ती सर्वांत जास्त वेळा खरी ठरते: पाट मुळातच जरा रुंद आहे, बिघाड काहीच नाही.

या कप्प्याची एक गंमत आहे. बाळाचं डोकं, मांडी, पोट सगळं आठवड्यागणिक वाढतं, पण हा कप्पा चौदा-पंधराव्या आठवड्यापासून जवळपास जन्मापर्यंत तेवढाच राहतो, साधारण साडेसात मिलिमीटरच्या आसपास. १० च्या आत नॉर्मल. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम, १५ च्या पुढे गंभीर. तुमचा १०.८, म्हणजे पहिल्याच पायरीवर. सौम्य रुंदी खरोखर एकटीच असेल, तर अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांची वाढ आणि बुद्धी इतर मुलांसारखीच असते. शंभर टक्के मी म्हणत नाही, कुणी म्हणू नये.

आणि तो आकडा घेतला कसा, हेही बघावं लागतं. माप ठरलेल्या जागी, कप्प्याच्या लांबीला काटकोनात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्यायचं असतं. काप जरा तिरका गेला की आठाचे दहा होतात. सिन्नरची एक मुलगी ११.४ चा रिपोर्ट घेऊन दोन रात्री न झोपता आली होती. माझ्याकडे तीन वेळा मोजलं, ८.९ च्या वर गेलं नाही. आधीच्या केंद्रावर बाळ आडवं होतं, काप तिरका आला होता. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘डाव्या बाजूचा’ लिहिलंय, त्यालाही फार अर्थ देऊ नका. मशिनच्या जवळची बाजू कवटीच्या हाडामुळे धूसर दिसते, दूरची बाजू स्वच्छ दिसते, म्हणून बहुतेकदा दूरच्या बाजूचंच माप लिहिलं जातं. उजवी बाजू मोजली का, हे विचारून घ्या.

हे वाचून कुणी हुश्श करायच्या आत दुसरी गोष्ट सांगते. मालेगावकडच्या एका बाईंचं माप होतं १०.६, तुमच्यापेक्षा कमी. पण कप्प्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा होता, पुढे निमुळता, मागे फुगलेला. मेंदूच्या मध्यभागी पुढच्या बाजूला केव्हम सेप्टम पेल्युसिडम नावाची एक छोटी चौकट दिसायला हवी, ती दिसेना. पोटावरून नीट कळेना, बाळाचं डोकं खाली होतं म्हणून योनीमार्गातून सोनोग्राफी केली. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, तयारच झाला नव्हता. आकडा सौम्य होता, निदान सौम्य नव्हतं. हा पूल साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतो, म्हणून त्याआधी त्याच्याबद्दल ठाम बोलता येत नाही.

तुमच्या बाबतीत पुढची सोनोग्राफी अशीच व्हायला हवी. न्यूरोसोनोग्राफी म्हणतात तिला. नुसतं आडवं कापून नाही, उभ्या आणि समोरच्या कापांतही मेंदू पाहायचा. तो पूल, ती चौकट, लहान मेंदू, त्याच्या मागची पाण्याची जागा, सगळं नावाने बघायचं. लहान मेंदूची आडवी रुंदी या दिवसांत मिलिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांच्या आकड्याइतकी असते, २१ आठवड्यांना २१ च्या आसपास. पाठीचा कणा तळापर्यंत बघायचा, कारण कण्यात फट असली की लहान मेंदू खाली ओढला जातो, मागून केळ्यासारखा वाकडा दिसतो आणि पाणी तुंबतं. मेंदूत किंवा यकृतात पांढरे ठिपके आहेत का, बाळाची वाढ मागे आहे का, हेही बघायचं, कारण ती संसर्गाची चिन्हं असतात.

संसर्ग म्हणजे मुख्यतः सीएमव्ही हा विषाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. आईच्या रक्ताच्या तपासणीतून अंदाज येतो, पण ‘टॉर्च’चा, म्हणजे या संसर्गांच्या एकत्रित रक्ततपासणीचा, कागद हातात आला की घाबरू नका. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे आयजीजी (जुन्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह येणारच. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह तर चांगलीच बातमी, म्हणजे संरक्षण आहे. आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह आलं तरच पुढचं बोलणं, आणि तेही पुष्कळदा खोटं पॉझिटिव्ह निघतं.

मग क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं. तुम्ही लिहिलं नाहीत की बाराव्या आठवड्याची एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याचं माप) आणि डबल मार्कर (डाउन सिंड्रोमचा धोका सांगणारी आईच्या रक्ताची तपासणी) झाले होते का. झाले असतील तर तो कागद आज सर्वांत मोलाचा आहे, कपाटातून काढा. सव्विसाव्या वर्षी डाउन सिंड्रोमचा मुळातला धोका हजारात एकापेक्षाही कमी असतो. एकटी रुंदी तो साधारण चौपट करते, म्हणजे तरीही लहानच राहतो. पण सोबत ठिपका आहे, आणि सविस्तर तपासणीत तिसरं काही सापडलं तर हे गणित झपाट्याने बदलतं. खात्रीचं उत्तर गर्भजलाच्या तपासणीतूनच मिळतं. एनआयपीटी ही आईच्या रक्ताची चाचणी चांगली आहे, पण ती चाळणी आहे, निदान नाही, आणि सगळे जनुकीय दोष त्यात दिसत नाहीत. गर्भजल काढताना गर्भपात होण्याचा धोका हजारात एक ते पाच असा धरतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं. प्राथमिक निकाल दोन-तीन दिवसांत येतो, मायक्रोअॅरेला, म्हणजे गुणसूत्रांच्या बारीक तपासणीला, दोन आठवड्यांच्या आसपास लागतात.

हे करायचंच का? इथे मी माझं मत लादत नाही. काही जोडपी म्हणतात, मॅडम, जे असेल ते कळू द्या. काही म्हणतात, काहीही निघालं तरी बाळ आमचंच, मग सुई कशाला? दोन्ही बरोबर आहेत. पण ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकललं आणि मग मायक्रोअॅरेचा निकाल चोविसाव्या आठवड्यानंतर, गर्भपाताच्या कायद्याची मर्यादा उलटल्यावर आला, हे मात्र होऊ देऊ नका. करायचं असेल तर या आठवड्यात करा.

एमआरआयचं सांगते. गर्भातल्या बाळाच्या एमआरआयला किरणोत्सर्ग नसतो, रंगाचं इंजेक्शनही देत नाहीत. ब्रिटनमध्ये झालेला मोठा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात मेंदूच्या दोषांचं अचूक निदान सोनोग्राफीने ६८ टक्के आणि एमआरआय जोडल्यावर ९३ टक्के झालं होतं. आकडा मोठा आहे, पण ती मुळातच मेंदूत दोषाचा संशय असलेली बाळं होती, आणि जाणकाराच्या हातची न्यूरोसोनोग्राफी स्वच्छ असेल तर १०.८ साठी एमआरआयने फार काही नवं मिळत नाही. पूल दिसत नाही, रुंदी वाढतेय, डोकं खोल बसल्याने दिसतच नाही, अशा वेळी तो करावाच. अडचण वेळेची आहे. एकवीस आठवड्यांच्या बाळाचा मेंदू बाहेरून गुळगुळीतच असतो. त्याच्या वळ्या आठव्या महिन्यापर्यंत पडत जातात. म्हणून वळ्यांचे दोष आत्ता ना सोनोग्राफीत दिसतात ना एमआरआयमध्ये. तिसाव्या आठवड्याच्या एमआरआयमध्ये खूप कळतं, पण तोवर कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा उलटलेली असते. ही ओढाताण मी दर महिन्याला बघते. तिच्यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

हृदयाकडे परत येते, कारण तुमचा ठिपका निरुपद्रवी असला तरी फीटल इकोची सूचना योग्य आहे. मेंदूत काही वेगळं दिसलं की हृदय नीट बघायचंच, दोन्हींचे दोष जोडीने येऊ शकतात. इकोमध्ये चार कप्पे दिसले म्हणजे काम झालं, असं समजू नका. डावीकडून आणि उजवीकडून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात का, हे बघावं लागतं. त्या अदलाबदल होऊन समांतर निघाल्या असतील तर चार कप्प्यांच्या चित्रात सगळं छान दिसतं आणि बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडतं. सुरगाण्याच्या एका जोडप्याचं असंच निदान बावीस आठवड्यांना झालं. त्यांना मी एकच आग्रह केला: कसारा घाट बाळाने आईच्या पोटातूनच उतरावा. ते आधीच मुंबईला जाऊन राहिले. जन्मताच बाळाला रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध सुरू झालं, दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं, खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. मूल आता शाळेत जातं. हेच बाळ सुरगाण्यात जन्मून मग घाट उतरलं असतं, तर पुढचं मला सांगवत नाही.

इकोला मर्यादाही आहेत. बारीक छिद्रं निसटतात, त्यांतली बरीच जन्मानंतर आपोआप बुजतात. आणि दोन वाटा तर गर्भात उघड्या असायलाच हव्यात, जन्मल्यावर त्या मिटतात की नाही हे आधी कुणीच सांगू शकत नाही. महाधमनीचं अरुंद होणंही हुलकावणी देतं. माझ्या हातून ते एकदा सुटलंय. आई स्थूल होती, बाळ पाठ वर करून बसलं होतं, संध्याकाळची घाई होती. ‘वाहिन्या समाधानकारक दिसल्या नाहीत’ असं बारीक अक्षरांत लिहून मी त्यांना जाऊ दिलं, पुन्हा या असं ठासून सांगितलं नाही. नवव्या दिवशी बाळ धापा टाकत दवाखान्यात आलं. वाचलं, पण अतिदक्षता विभागात खूप दिवस काढून. तेव्हापासून जे दिसलं नाही ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिते, आणि बाईंना गोदाकाठी फेरी मारून या, नाहीतर चार दिवसांनी या, असं सांगून परत बोलावतेच. तुमच्याही रिपोर्टमध्ये ‘नीट दिसलं नाही’ असं कुठे लिहिलंय का, ते शोधा. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताचा आणि पायाचा ऑक्सिजन मोजायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. दोन्हीकडे ९५ च्या खाली असेल किंवा दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजून इको करायचा.

फवारणीचं म्हणाल तर, हृदयाची रचना गर्भधारणेच्या दहाव्या आठवड्यापर्यंत जवळपास पूर्ण होते. छाटणीनंतरची गेल्या महिन्यातली फवारणी तिथे काही बिघडवू शकत नाही. मेंदूच्या सौम्य रुंदीमागे एखादं औषध शोधणंही मला पटत नाही. फवारणीच्या वेळी गर्भवतीने बागेत असू नये, हे मात्र वेगळ्या कारणांसाठी खरंच आहे. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, जड उचललं, यांतलं काहीही याचं कारण नाही. घरात कुणी तसं तुमच्या पत्नीला ऐकवत असेल तर ते तुम्ही थांबवा.

दिवस किती? २४ आठवडे पूर्ण व्हायला तुमच्याकडे १९ दिवस आहेत, आणि आठवडे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून मोजायचे, पाळीच्या तारखेवरून नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे: २० ते २४ आठवड्यांत, बाळात गंभीर व्यंग असेल तर दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २४ नंतर गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाकडे अर्ज करावा लागतो, बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. म्हणजे चोविसाव्या आठवड्याला दार बंद होत नाही, पण अरुंद होतं. आजच्या तुमच्या कागदावर मात्र गर्भपाताला आधार होईल असं काहीही नाही. १०.८ या एका आकड्यावर कुणी ‘खाली करा’ म्हणत असेल, तर त्याने कागद वाचलेला नाही.

आणि एक. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात आई आहेत, मामा आहेत, शेजारचे कंपाउंडर आहेत, पत्नीचं मत कुठेच नाही. गर्भपाताला कायद्याने संमती लागते ती सज्ञान स्त्रीची, पतीचीही नाही. त्या काय म्हणतात, हे आधी विचारा.

माझ्या समोर तुम्ही असता तर मी क्रम असा लावला असता: दोन-तीन दिवसांत न्यूरोसोनोग्राफी आणि इको, शक्यतो एकाच बैठकीत, त्याच दिवशी टॉर्चचं रक्त आणि गर्भजलाविषयी निर्णय. सगळं स्वच्छ निघालं तर दोन-तीन आठवड्यांनी रुंदी पुन्हा मोजायची, मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. बहुतेकांची तेवढीच राहते किंवा कमी होते, थोड्यांची वाढते, आणि वाढली तर एमआरआय.

शेवटी तुम्ही विचारलंय की सोनोग्राफीचे फोटो मोबाइलवर पाठवू का. नका पाठवू. थांबलेल्या चित्रावरून पूल आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, ते जास्त वाईट. नाशकात किंवा पुण्या-मुंबईत, जिथे जाल तिथे तपासणीसाठी पत्नीलाच घेऊन जा. सोबत बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट, डबल मार्कर, रक्तगटाचा कागद आणि आधार कार्ड ठेवा, कारण गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा अर्ज) भरावाच लागतो. लघवी दाबून ठेवायची गरज नाही. पोटभर जेवून या. न्यूरोसोनोग्राफीला कधीकधी तासभर लागतो, बाळ कसं झोपलंय यावर ते असतं.